वेदरिंग (प्लास्टिकच्या मॉडेलला जुने, वापरलेले रूप देणे) करताना निघालेला रंग: आपापले अनुभव लिहावेत

गंजलेला पत्रा
काल माळ्यावरची एक जुनी पेटी उघडली आणि तळाशी १/३५ मापाच्या रणगाड्याचा बुरूज सापडला. त्याच्या डाव्या अंगावर बोटाच्या पेराएवढा राखाडी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) उघडा पडलेला आहे. तो डाग पाहताच ती सगळी संध्याकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. इनॅमलचा (टर्पेंटाइनसारख्या थिनरने पातळ होणाऱ्या तेलकट रंगाचा) मूळ थर देऊन जेमतेम एक रात्र उलटली होती. हाताला तो कोरडा लागत होता, म्हणून मी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वॉश (खाचांत साचून त्या गडद दाखवणारा पातळ रंग) दिला आणि जादा वॉश त्याच टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या ब्रशने पुसू लागलो. तिसऱ्या-चौथ्या फटकाऱ्याला ब्रशवर हिरवा रंग आला. मी घाबरून आणखी घासले आणि डाग दुप्पट मोठा झाला. इनॅमलमधले थिनर काही तासांत उडून जाते, पण तो थर हवेतल्या ऑक्सिजनने पक्का होत जातो आणि त्याला बरेच दिवस लागतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांच्या हातून असे मॉडेल गेले असेल, किंवा जाता जाता वाचले असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिला थर
मॉडेल नाकाजवळ धरून वास घ्यावा, ही सवय मला एका ज्येष्ठ छांदिष्टांनी लावली. इनॅमलला थिनरचा किंचितही वास येत असेल, तर त्यावर वॉश देण्याची वेळ आलेली नाही. वास गेल्यावरही मी आणखी आठवडाभर थांबते. माझ्या एका ट्रकची चाके तीन आठवडे तशीच ठेवली होती आणि त्यांच्यावर मात्र एकही डाग उठला नाही.

निळी शाई
माझी चूक उलट दिशेची होती. मूळ थर ॲक्रिलिकचा, वॉश इनॅमलचा, म्हणजे जोडी अगदी योग्य होती. कारण पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला व्हाइट स्पिरिट (इनॅमलचे थिनर) सहसा काही करत नाही. पण पुसण्यासाठी मी भलतीच बाटली उचलली. तिच्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल होते आणि छंदासाठी मिळणारे काही ॲक्रिलिक रंग मुळातच अल्कोहोलमध्ये विरघळणारे असतात. कापसाची काडी एकदाच फिरवली आणि पंखावरची छद्मरंगाची (कॅमोफ्लाजची) तिरपी रेघ तिच्यासोबत निघून आली. १/७२ च्या विमानावर एवढी जागा म्हणजे निम्मा पंख. त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीच्या झाकणावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवतो की आत काय आहे आणि त्याने कोणता रंग विरघळतो. इनॅमलचे थिनर आणि ॲक्रिलिकचे थिनर एकाच आकाराच्या बाटल्यांत येतात, तेव्हा थकलेल्या डोळ्यांवर विसंबू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ रंग आणि वॉश यांच्यामध्ये मी आता चकचकीत वार्निशचा एक थर देतोच, आणि ते वार्निश वॉशच्या जातीचे नसेल याची खात्री करून घेतो. इनॅमल वॉशखाली इनॅमल वार्निश देणाऱ्याला संरक्षण मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वॉशबरोबर ते वार्निशही मऊ पडते.

विमानांचा नाद
निळी शाई, आपला पंख वाचून फार वाईट वाटले. ती रेघ पुन्हा मारली का? आणि मास्किंगसाठी (बाजूचा भाग झाकण्यासाठी) टेप वापरली की पुट्टी?

निळी शाई
पुट्टीच्या बारीक वळ्या करून कडा आखून घेतल्या आणि एअरब्रशने रेघ पुन्हा मारली. रंगाची छटा किंचित वेगळी आली, पण वरून फिल्टर (छटा एकसारखी करणारा अगदी पातळ रंग) दिल्यावर ती मिसळून गेली.

सुटे भाग
रंग निघाला तर पुन्हा देता येतो. मला ज्याची खरी धास्ती वाटते ते प्लास्टिकचे तडकणे आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. न चिकटवता जोडायच्या एका यंत्रमानवाच्या किटमध्ये मी रंग न देता, उघड्या प्लास्टिकवरच भागांवर कोरलेल्या रेषांमध्ये पातळ इनॅमल सोडले होते. केशाकर्षणाने ते रेषेतून धावत जाताना पाहण्यात मोठा आनंद असतो, पण तसेच ते खांद्याच्या सांध्यातही शिरले. दुसऱ्या दिवशी हात उचलताच सांध्याची कडी दोन ठिकाणी दुभंगली.

घट्ट बसवलेला सुटा भाग सतत ताणाखाली असतो. द्रावक त्या ताणलेल्या जागी प्लास्टिकमध्ये मुरतो, तिथले रेणू एकमेकांना धरून ठेवेनासे होतात आणि सूक्ष्म भेगा वाढत जातात. पॉलिस्टायरीन आणि एबीएस या मॉडेलच्या दोन्ही प्लास्टिकांना हा त्रास होतो. आता मी भाग सुटे असतानाच त्यांना रंग आणि वार्निश देतो, वॉश फक्त रेषेच्या टोकाला ब्रशचे अणकुचीदार टोक टेकवून सोडतो, खाचेत साचलेला थेंब लगेच कागदाने टिपून घेतो आणि द्रावक पूर्ण उडून गेल्यावरच भाग जोडतो. रणगाड्याच्या निलंबनाचे दांडे आणि वाकवून बसवलेल्या पट्ट्या यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

चिमटा
मला या सगळ्यात एक मुद्दा राहून गेल्यासारखा वाटतो, तो म्हणजे घासण्याचा. द्रावक थर मऊ करतो, पण पुष्कळदा रंग उचलला जातो तो ब्रशच्या दाबाने. मी ब्रश थिनरमध्ये बुडवल्यावर तो कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करते आणि मगच मॉडेलला लावते. वॉश दिल्यावर साधारण पंधरा ते वीस मिनिटे थांबते, म्हणजे तो पूर्ण ओलाही नसतो आणि घट्ट धरलेलाही नसतो. उभ्या पृष्ठभागावर ब्रश वरून खालीच ओढते, कारण पावसाचे पाणीही तसेच ओघळते आणि चुकून राहिलेली रेघ त्यात खपून जाते. एकाच जागी तीनपेक्षा जास्त वेळा ब्रश फिरवायचा नाही आणि तेवढ्यात निघाले नाही, तर दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

तेलरंग मी आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवते. पुठ्ठा त्यातले जवसाचे तेल शोषून घेतो, मग तो रंग लवकर वाळतो, मॅट दिसतो आणि त्यात थिनरही कमी घालावे लागते. थिनर जितके कमी, तितका खालच्या थराला धोका कमी.

विमानांचा नाद
डेकलवरही (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांवरही) वार्निश द्यावे लागते का? माझ्या डेकलच्या कडेला वॉशची काळी किनार उमटली होती.

निळी शाई
होय. डेकल बसवण्याआधी एक चकचकीत थर द्यावा आणि बसवून वाळल्यावर दुसरा द्यावा. कड वार्निशखाली बुजली की वॉश तिथे अडकत नाही आणि डेकलही द्रावकापासून वाचते.

पहिला थर
एक विनंती. खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि लॅकरचे (झटकन वाळणाऱ्या रंगाचे) उग्र थिनर वापरताना सेंद्रिय वाफांसाठीचा मुखवटा लावावा. साधा कापडी मुखवटा वाफ अडवत नाही.

गंजलेला पत्रा
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली आहे. रंग निघालेलाच असेल, तर पहिले पाऊल कोणते?

चिमटा
हात थांबवणे. दोन दिवस काहीही करू नये, म्हणजे मऊ झालेला थर पुन्हा घट्ट होतो. मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून डागाची कड सपाट करावी आणि तेवढीच जागा रंगवावी. झाकणाची कड किंवा माणसांच्या चढण्या-उतरण्याच्या जागा असतील, तर तिथे मी रंग भरत नाही. तोच डाग झिजलेल्या धातूत बदलते. बुरजाच्या मधोमध मात्र तसे करू नये, तिथे झीज होण्याचे कारण नसते.

गंजलेला पत्रा
माझा डाग नेमका बुरजावर चढण्याच्या दांडीशेजारी आहे. आधी बुरजाच्या आतल्या बाजूला इनॅमल, ॲक्रिलिक आणि लॅकर वार्निश यांचे तीन पट्टे आज देऊन ठेवतो आणि तीन आठवड्यांनी प्रत्येकावर टर्पेंटाइनची काडी फिरवून काय होते ते इथे लिहितो.