चेक घेतला म्हणजे माघार नव्हे

भूसंपादनाविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवरचा माहितीपट पाहून दोघांनी म्हटलंय, की मोबदल्याचे चेक उचलले म्हणजे शेतकरी फुटले. पटत नाही. माहितीपटात मोर्चा आहे, बुलडोझर आहे, पण भूसंपादन कार्यालयातलं टेबल नाही, म्हणून तसं वाटतं. मोबदला 'हरकत राखून', म्हणजे रक्कम मान्य नसल्याचं नोंदवून, घेता येतो. तसं न नोंदवता रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्याचा दावाच करता येत नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्यात हे होतं, 2013 च्या कायद्यातही आहे. धुळे जिल्ह्यात शिंदखेड्याकडे आमच्या मामांची जमीन पाटात गेली, तेव्हा पावतीवर ही एवढी ओळ त्यांनी लिहिली. शेजारच्या भाऊबंदांनी नुसत्या सह्या केल्या. पुढे कोर्टात फक्त मामाच उभे राहू शकले.

दुसरी गोची सातबाऱ्याची. विहीर आहे, ठिबक आहे, पण पीकपेऱ्याला, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या रकान्यात, नोंद नाही, की अधिकारी जमीन जिरायतीच्या दराने मोजायला मोकळे! याच तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांना सौरऊर्जा प्रकल्पात गेलेल्या पाच एकरांचे सुमारे 4 लाख रुपये मिळाले होते. मोबदल्यात बाग आणि विहीर नीट धरली नाही, ही त्यांची तक्रार. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, तेव्हा कुठे मुंबईला हे गाव कळलं. त्यामुळे आमच्याकडे आता संयुक्त मोजणीच्या (सरकारी खाती एकत्र येऊन जमीन मोजतात त्या) दिवशी अख्खं घर बांधावर हजर असतं. झाडं, पाइपलाइन, गोठा पंचनाम्यात आल्याशिवाय कोणी सही करत नाही.