आई-बाबांना सॅन फ्रान्सिस्कोचं सागरी संग्रहालय दाखवू का?

नमस्कार मंडळी,
सध्या पुण्यात सिंहगड रोडला घरी आलोय. परतताना आई-बाबांना बरोबर आणतोय. बाबा माझगाव गोदीतून निवृत्त झालेत, त्यामुळे हाइड स्ट्रीट धक्क्यावरची जहाजं दाखवायचीच. पण जवळच्या अ‍ॅक्वाटिक पार्कमधलं संग्रहालय बघण्यासारखं आहे का? आत वस्तू थोड्याच आहेत म्हणे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतोय.

---

अरे, जरूर ने! कोथरूडला कायमची परतले तरी ती वास्तू माझ्या मनातून गेलेली नाही. वस्तूंचं सोड, इमारतच बघायची. मंदीत बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने जी योजना काढली, तिच्यातून हे सार्वजनिक स्नानगृह बांधलं, १९३९ साली. गोलाई दिलेली टोकं, गोल खिडक्या, डेकसारखे कठडे. बाबा लांबूनच म्हणतील, हे तर जहाज! संग्रहालय तिथे १९५१मध्ये आलं.

दारापाशी जरा थांबा. तिथलं हिरवट दगडातलं कोरीवकाम सार्जंट जॉन्सन या कृष्णवर्णीय शिल्पकाराचं. आत हिलेअर हायलर यांनी भिंतीभर समुद्राचा तळ रंगवलाय, दंतकथेतल्या, समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटासकट. मग पाण्याच्या बाजूच्या व्हरांड्यात जा. तिथलं रंगीत फरश्यांचं मोझॅकही जॉन्सन यांचंच, पण ते एका बाजूला अर्धंच राहिलंय. लोकांसाठी बांधलेली जागा खासगी धंद्याला दिली, म्हणून त्यांनी काम सोडलं, असं सांगतात. मला तो अपुरा भागच सगळ्यात मोलाचा वाटतो. तो बाबांना मुद्दाम दाखव.

इमारतीला तिकीट नाही, जहाजांना आहे. जहाजांवर अरुंद, उभ्या शिड्या आहेत, तिथे आईला चढवू नकोस. बाबांना मात्र 'बाल्क्लूथा' दाखवच. १८८६चं शिडाचं जहाज, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, सतरा वेळा वळसा घालून आलेलं.

---

काकू, मनापासून आभार. बाबांना मेल वाचून दाखवला. मोझॅकचं ऐकून ते बराच वेळ बोलत होते. गोदीत काम अर्धं टाकणं किती जिवावर येतं ते त्यांना ठाऊक आहे. आता आधी इमारत, मग जहाजं. 'बाल्क्लूथा'वर मी आणि बाबा जाऊ, तोवर आई बहिणीबरोबर चित्रांपाशी थांबेल. आम्ही जाऊ त्या शनिवारी मंडळातलं आणखी कुणी येणार असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.