मदत हवी आहे: मातीच्या नळ्यांचं गारव्याचं मॉडेल
मंडळी, अकोल्यात शाळेच्या प्रदर्शनासाठी इमारत गार ठेवण्याचं मॉडेल करतोय. नोएडात अँट स्टुडिओ या वास्तुरचना संस्थेने मातीच्या नळ्या रचून, वरून पाणी सोडून गारव्याची भिंत केली. तीच कल्पना, छोट्या आकारात. कुंभाराकडून 24 नळ्या आणल्या, बांबूच्या चौकटीत बसवल्या, मागे छोटा पंखा. थर्माकोल नि गोंद मुद्दाम टाळलाय, नंतर सगळं सुटं करून पुन्हा वापरता यावं म्हणून. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण 0.67 युनिट (विजेच्या मीटरवरचं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता ओढतं, त्यामुळे कल्पनेत खोट नाही. घोडं अडलंय ते बोअरच्या पाण्यापाशी. आठवड्यात नळ्यांवर पांढरा थर, नखाने खरवडला की पिठासारखा झडतो. व्हिनेगर चालेल का, की मातीच झिजेल? शिवाय सुतळीचे सांधे ओले-सुके होऊन सैल पडतात. काथ्या वापरून पाहिलाय का कुणी?