मोबाइलची जबाबदारी फक्त आईबापाचीच का?

बंदरावरची_आई (हर्णै)

नमस्कार मंडळी. परवा मुलाच्या शाळेत पालकसभा झाली. बाहेरचे एक पाहुणे बोलावले होते, विषय मुलं आणि मोबाइल. तासभर त्यांचा एकच सूर: मोबाइल तुम्हीच देता, घरात तुम्हीच बघत बसता, मग पोरांना बोलता कशाला? आमच्या वाड्यातल्या निम्म्या बायका मासळीचा लिलाव सोडून आल्या होत्या. सगळ्या मान खाली घालून ऐकत होत्या. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आमच्याकडे हा फोन आला कसा, ते आधी सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस लाइट नव्हती. त्यातून सावरतोय तोवर शाळेचा निरोप, वर्ग ऑनलाइन भरणार, मुलाला स्मार्टफोन लागेल. पोरगा तेव्हा दुसरीत. धंदा बसलेला असताना नवऱ्याने हप्त्यावर फोन घेतला. आता तो सातवीत आहे, शाळा केव्हाच सुरू झाली, पण गृहपाठ अजूनही व्हॉट्सॲप ग्रुपवरच येतो, तोही रात्री जेवणाच्या वेळेला. मग फोन कपाटात ठेवायचा कसा?

संध्याकाळी मी बंदरावर असते, नवरा बोटीवर. पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने सोडले तर तो घरी फार नसतो. मुलाजवळ सासूबाई. त्यांना फोन उचलता येतो, बाकी काही नाही.

एका रात्री मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसून राहिले, काही न बोलता. गृहपाठाचा फोटो बघून झाला आणि त्याने शॉर्ट्स, म्हणजे ते छोटे व्हिडिओ, उघडले. आधी एका बॉलरची विकेट. मग कुणाच्या तरी अंगावर पाणी ओतण्याची मस्करी. मग गाडीवर स्टंट. मग पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल बोलणारा एक जण. यातलं काही त्याने शोधलेलं नव्हतं. अंगठा वर सरकायचा आणि पुढचं आपोआप हजर. मधे एकदा तो हसलासुद्धा नाही. फोन काढून घेतला तर रडला नाही, भांडला नाही. म्हणाला, "आई, मला बंद करायचं असतं गं, पण होत नाही."

सातवीतलं पोर असं म्हणतं तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं? आणि हे ज्यांनी बनवलं त्यांना कुणी पालकसभेत बोलावतं का? यावर कायदा आहे का? तुमच्या घरी काय करता तेही सांगा.

रत्नांग्री_टू_पुणे

ताई, तुमच्या मुलाने अगदी बरोबर सांगितलं. मी ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम करतो, आमचं ॲप मुलांसाठीचं नाही, पण पद्धत सगळीकडे सारखी. माणूस किती वेळ थांबला हा आकडा रोज बघितला जातो. बटणाचा रंग, नोटिफिकेशनची वेळ, एक संपल्यावर दुसरं किती लवकर सुरू करायचं, हे सगळं लाखो लोकांवर करून पाहतात आणि ज्याने माणूस जास्त थांबतो ते ठेवतात. पूर्वी पान संपायचं, "पुढे" दाबावं लागायचं. तेवढ्या वेळात माणूस भानावर यायचा. न संपणारं पान २००६ मध्ये ॲझा रॅस्किन या डिझायनरने तयार केलं आणि पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मोठ्या माणसाला जिथे थांबता येत नाही तिथे बारा वर्षांच्या पोराच्या मनोनिग्रहावर सोडून देणं हा अन्याय आहे.

आणि कंपन्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त वाईट वाटतं, हे कंपनीच्याच संशोधनात आलेलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक राज्यांनी मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीवर, खटले भरले. आरोप हाच, की मुलांना अडकवून ठेवणारी रचना जाणूनबुजून केली.

आता तुमच्या फोनचं. फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) वगैरे सगळे सांगतील, पण ती सोय मुलाचा फोन वेगळा आहे असं धरून केलेली आहे. आपल्याकडे अख्ख्या घरात एक फोन. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये "ॲप पिनिंग" बघा. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत कुठेतरी असतं, सर्चमध्ये "पिन" टाका. सुरू करताना अनपिन करायला लॉकचा पिन विचारण्याचा पर्यायही चालू करा, मग व्हॉट्सॲप उघडून ते पडद्यावर पिन करायचं. मग तुमच्या लॉकचा पिन टाकल्याशिवाय दुसरं ॲप उघडत नाही. सासूबाईंना एवढं एकच शिकवा.

गुहागरचा_बाबा

मला पटत नाही. कंपनी धंदा करणारच. आमच्या लहानपणी टीव्ही होता, आई कान पकडून उठवायची. दुसऱ्या देशांत कायदे केले तरी पोरं खोटी जन्मतारीख टाकतात, आपल्याकडे कोण तपासणार? शेवटी घरात मोठं माणूस हवंच. माझ्या दोन्ही मुलींना दहावीपर्यंत फोन नाही, विषय संपला. त्यांचा त्रागा मी रोज सोसतो, पण सोसतो.

बंदरावरची_आई (हर्णै)

दादा, तुम्ही सोसता हे खरं आणि तुमच्या मुलींचं भलंच होईल. पण तुम्ही घरी आहात. आमच्या वाड्यात कितीतरी घरांत बाप समुद्रावर नाहीतर मुंबईला, आई मासळी विकायला, आणि पोर आजीजवळ. टीव्हीचा कार्यक्रम संपायचा, बातम्या लागायच्या, मुलं आपणहून उठायची. हे संपतच नाही, तर कान कधी पकडू?

आणि धंदा करणारच म्हणता, तर धंदा आम्हीही करतो. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं, त्याहून लहान मासा धरायचा नाही. आम्हाला ते जड गेलं, नवरा अजून कुरकुरतो, पण बंधन जाळं टाकणाऱ्यावर आहे. पापलेटाच्या पिल्लाला किंवा त्याच्या आईला कुणी जबाबदार धरलं नाही. मग मोबाइलच्या बाबतीतच उलटं का?

मालवणचो_झील

ताईनू, आमच्याकडे पण ह्याच चालला हा. झील जेवताना मान वर करणा नाय. दशावतार बघूक नेलंय तर थयसर पण मोबाईल. पापलेटाचा बोललात ता एकदम बराबर.

झेडपी_मास्तर (मंडणगड तालुका)

ताई, कायद्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याच्या नवव्या कलमात अठरा वर्षांखालच्या मुलांचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल असं आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला व त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिलेत. म्हणजे आज सातवीत असलेल्या मुलाला त्याचा आत्ता उपयोग नाही. आणि न संपणाऱ्या व्हिडिओंना त्यात थेट हात घातलेला नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

ऑस्ट्रेलियाने वेगळं केलं. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती न ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. कसूर केली तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. मुलाला किंवा पालकाला दंड नाही. गुहागरच्या दादांची शंका रास्त आहे, पळवाटा तिथेही शोधतात. पण दंड कुणाला, हे एकदा ठरलं की दिशा ठरते. मला ती दिशा योग्य वाटते.

मात्र ताई, तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते रात्री येणारा गृहपाठ. तो कंपनी पाठवत नाही, आम्ही शिक्षक पाठवतो. आमच्या शाळेत आम्ही हे बंद केलं. शेवटच्या तासाला गृहपाठ फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात, ग्रुप फक्त सुट्टी आणि सभेच्या निरोपांसाठी. कुणाचंही अडलं नाही. सुरुवातीला दोन-तीन पालकांनी तक्रार केली, मूल वही आणायला विसरतं म्हणून. विसरू दे, दुसऱ्या दिवशी मित्राकडून उतरवून घेईल. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. अख्खं गाव एकदम करतं म्हणून एकट्या आईला रोज भांडावं लागत नाही.

आणखी एक. मुलगा स्वतःहून "होत नाही" म्हणाला, म्हणजे तो तुमच्याशी बोलतो आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेत जायला नको म्हणू लागला तर थांबू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आणि फुकट, मराठीत बोलतात.

बंदरावरची_आई (हर्णै)

गुरुजी, वाचून बरं वाटलं. ॲप पिनिंग सापडलं, सासूबाईंना दाखवलं, त्या लगेच शिकल्या. मुलाला विचारूनच केलं, तो चालेल म्हणाला. गृहपाठाचं शाळेत सांगायचं तर आहे, पण मी एकटी गेले तर सभेत झालं तेच होईल. काय करू?

झेडपी_मास्तर (मंडणगड तालुका)

एकटीने जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त सदस्य पालकच असतात, तिथे विषय न्या. अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे, खाली वाड्यातल्या सगळ्या आयांच्या सह्या. मजकूर दोनच ओळींचा: गृहपाठ वर्गात फळ्यावर द्यावा, संध्याकाळनंतर ग्रुपवर अभ्यास टाकू नये. पुढच्या सभेच्या आधी द्या, आवक क्रमांक घ्या आणि इतिवृत्तात विषयाची नोंद झाली का ते बघा. शिक्षकांवर तक्रार असा सूर ठेवू नका. आमच्यातल्या पुष्कळांना रात्री ग्रुपवर बसणं नकोच असतं.

रत्नांग्री_टू_पुणे

ताई, अर्ज मी टाइप करून देतो. शाळेचं नाव इथे लिहू नका, ती जागा मोकळी ठेवतो. म्हणजे दुसऱ्या गावातल्या कुणालाही तोच वापरता येईल.