प्रतिसाद: अर्बानाचं क्रॅनर्ट सेंटर

मुलाकडे अमेरिकेत अर्बाना-शॅम्पेनला जाताय आणि तिथल्या इलिनॉय विद्यापीठाच्या क्रॅनर्ट सेंटरला, म्हणजे संगीत-नृत्य-नाटकांच्या संकुलाला, जावं का, असं विचारलंत. जरूर जा. मात्र वरच्या प्रतिसादांत काहींनी 'कुठेही बसा, सारखंच' म्हटलंय, ते मला पटत नाही. तिथल्या फोलिंजर ग्रेट हॉलमध्ये (दोन हजारांवर खुर्च्या) वाद्यवृंद ऐकायचा तर बाल्कनी घ्या. तिकीट स्वस्त आणि आवाज छान मिसळून वर येतो. नृत्याला मात्र ट्रायॉन थिएटरमध्ये थोडं मागे, उंचावर बसा. अगदी पुढे बसलं की चेहरे दिसतात, पण रचना हातची जाते.

इमारत १९६९ची, वास्तुकार मॅक्स अब्रामोविट्झ, याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्यांनी न्यूयॉर्कला लिंकन सेंटर या कलासंकुलात बांधलेल्या सभागृहाच्या आवाजावर बरीच टीका झाली होती. इथे ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांच्याकडे होतं आणि गंमत म्हणजे १९७६ साली न्यूयॉर्कचं ते सभागृह आतून नव्याने करायलाही हॅरिसनाच बोलावलं.

वेळेआधी पोचा. सगळ्या थिएटरांना मिळून एकच ऐसपैस लॉबी आहे, सागवानी फरशीची. तिथे लॅपटॉप उघडून अभ्यास करणारी पोरंही दिसतील. उशीर झाला तर मधल्या विरामापर्यंत बाहेर ताटकळावं लागतं.

आणि हो, सिम्फनीचा एक भाग संपला म्हणून लगेच टाळ्या नकोत, कंडक्टर वळेपर्यंत थांबा. आपल्याकडे समेवर 'क्या बात है' म्हणायची सवय, तोंड आवरणं कठीणच जातं! मुलाचं विद्यार्थी ओळखपत्र असेल तर त्याचं तिकीट सवलतीत मिळेल, तेवढं विचारा.