उडनडाटा ट्रॅकवर दोघांनी जायचं असेल तर

साध्या एसयूव्हीने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला उडनडाटा ट्रॅक होईल का, असं तुम्ही दोघांनी विचारलंय. कोरड्या दिवसांत होतो, पण टायर चांगले हवेत. मारीपासून मार्लापर्यंत साधारण 620 किमी कच्चा रस्ता. खड्ड्यांपेक्षा त्रास पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांचा. आम्ही टायरमधली हवा थोडी कमी केली तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले. तरी संध्याकाळी डबा उघडला तर शेंगदाण्याच्या चटणीवर लाल धुळीचा थर! (झाकण घट्ट होतं, असं नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे.)

मुक्कामाला कॉवर्ड स्प्रिंग्ज नक्की ठेवा. जुन्या घान रेल्वेचं हे स्टेशन. 1980 मध्ये गाड्या बंद झाल्या, पण खजुराची झाडं अजून उभी आहेत. जमिनीतून येणाऱ्या कोमट पाण्याच्या छोट्या कुंडात पाय सोडून बसलो आणि दिवसभराचा शीण गेला.

उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीत, जाऊ नका. वाटेतल्या उडनडाटा गावात 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंश नोंदलेत. पाणी माणशी रोज किमान पाच लिटर आणि वर एक कॅन राखीव. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या. गाडी बंद पडली तर सोडून चालत निघू नका, गाडी लांबूनही दिसते.

आणि दिवस मावळायच्या आत तंबू ठोका, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात.