कॅनन ऑटो झूम ८१४ (सुपर ८): मोटर मंदावते, मीटरचा काटा हलत नाही

डोंगरवाट:
जुन्या बाजारातून कॅनन ऑटो झूम ८१४ हा सुपर ८ फिल्मवर चालणारा सिनेकॅमेरा घेतला आहे. लेन्स स्वच्छ दिसते, झूम हाताने मऊ फिरतो. अडचणी अशा:

हँडलमध्ये चार नवे डबल ए पेन्सिल सेल घातले. ट्रिगर दाबला की सेकंदभर आवाज नीट येतो, मग मोटर दमल्यासारखी मंदावते. उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलत नाही. त्याच्या बटण-सेलच्या खणात हिरवट-पांढरी पूड होती, ती नुसती पुसली. नवे सेल अजून घातलेले नाहीत. रिकामा कॅमेरा चालवला तर फुटेजचा काउंटर पुढे सरकत नाही. सोबत कोडाक्रोम ४० या रंगीत फिल्मची एक कार्ट्रिज (फिल्मची बंद डबी) मिळाली. ती घालून चालवली तर खडखड होते आणि फिल्म हलत नाही. मोटर गेली का? उघडून बघू का?

सुटेभाग:
उघडू नका. सांगितलेल्या चारपैकी एक गोष्ट मुळात बिघाडच नाही. सुपर ८ च्या बहुतेक कॅमेऱ्यांत काउंटर कार्ट्रिज आत बसल्यावरच मोजायला लागतो आणि ती काढली की शून्यावर येतो. रिकाम्या कॅमेऱ्यात तो हलणार नाही.

मोटर मंदावते याचं कारण दहांत आठ वेळा सेलच्या खणातला गंज असतो. पत्रा वरवर चकचकीत दिसला तरी त्यावर मीठ साचलेलं असतं. मोटरने जास्त करंट ओढला की तिथे व्होल्टेज पडतं. आधी कोणता सेल गळला होता ते ओळखा. अल्कलाइन असेल तर पूड पांढरी, भुरभुरीत आणि अल्कधर्मी असते, तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. जुना झिंक-कार्बन सेल गळला असेल तर गळती आम्लधर्मी असते, तिला खायच्या सोड्याचं पाणी. उलटं केलंत तर काहीच होत नाही आणि वाटतं की डाग जात नाहीत. इअरबड जेमतेम ओला करा, रस आत ओघळू देऊ नका. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा हलक्या हाताने घासा. झाकणातली पट्टीही घासा, तीच सगळे विसरतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पट्टीच्या दोन टोकांमध्ये मोजा; एक ओहमच्या आत यायला हवं.

यानंतरही मंद चालला तर ग्रीस घट्ट झालं आहे. फिल्म न घालता १८ फ्रेमवर (सेकंदाला १८ चित्रांचा वेग) एक मिनिट चालवा, दोन मिनिटं थांबा, असं सात-आठ वेळा. स्लो मोशनवर मुळीच नको. आणि कृपा करून आत डब्ल्यूडी-४० मारू नका, ते शटरच्या पात्यांवर आणि लेन्सच्या मागच्या काचेवर जाऊन बसतं.

रीळगुंडा:
मीटरबद्दल. हे खण ६२५ नंबरच्या पाऱ्याच्या सेलसाठी आहेत. एक सेल १.३५ व्होल्टचा आणि संपेपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट. ते आता मिळत नाहीत. दुकानदार एलआर ६२५ देईल; आकार तोच, पण अल्कलाइन, १.५ व्होल्ट. दोन सेलचे २.७ ऐवजी ३ व्होल्ट झाले की काटा जास्त सरकतो, कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो, तो ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बंद करत नेतो आणि फिल्म अंधारी येते. शिवाय सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते, म्हणजे हिशोब करून भरपाईही करता येत नाही.

सोपा उपाय म्हणजे कानाच्या मशीनचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल. १.४ व्होल्ट, कुठल्याही श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतात. व्यास ११.६ मिमी, ६२५ चा १५.६, म्हणून भोवती दोन मिमी जाडीचा रबरी ओ-रिंग घाला, नाहीतर सेल खणात डुलतो. स्टिकर काढल्यावर पाच मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. भोकं अधिक बाजूला असतात, ती चिकटपट्टीने झाकू नका. एकदा स्टिकर निघाला की सेल वापरा वा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. शूटिंगच्या आदल्या दिवशीच स्टिकर काढायचा.

नवे सेल घालूनही काटा मेलेलाच असेल तर खणातून निघणारी तार आतून कुजली आहे. हिरवा गंज तारेच्या आवरणाखाली चढत जातो. ते काम सोल्डरिंगचं, सराव असेल तरच.

सुटेभाग:
कार्ट्रिज काढून तिच्या खिडकीत दिसणारी फिल्म नीट बघा. त्यावर इंग्रजीत काही छापलं आहे का?

डोंगरवाट:
हो, ‘एक्स्पोज्ड’ असं लिहिलेलं दिसतंय.

सुटेभाग:
मग ती आधीच पूर्ण चाललेली आहे, शेवटाला येऊन अडली आहे. जगातल्या कुठल्याही कॅमेऱ्यात ती हलणार नाही. खडखड म्हणजे पुढे न जाणाऱ्या फिल्मवर क्लॉ (फिल्म पुढे ओढणारा दाता) घासल्याचा आवाज.

खरी परीक्षा अशी. रिकाम्या कॅमेऱ्याचं दार उघडं ठेवून ट्रिगर दाबा. गेटच्या (लेन्समागच्या, फिल्मसमोरच्या चौकटीच्या) कडेला छोटा क्लॉ आत-बाहेर होताना दिसला पाहिजे आणि कार्ट्रिजच्या गाभ्यात बसणारा खुंटा फिरला पाहिजे. खुंट्याला बोटाने हलकेच अडवा: तो घसरून थांबावा, मोटर थांबू नये. खुंटाच फिरत नसेल तर क्लॉ फिल्म ढकलत राहील, कार्ट्रिजमध्ये गुंता होईल आणि अडकेल.

नंतर मुदत संपलेली पण न चाललेली एखादी स्वस्त कार्ट्रिज मिळवा. खिडकीतल्या फिल्मवर मार्करने रेघ मारा, १० सेकंद चालवा, काढून बघा. १८ फ्रेमवर १० सेकंदांत अडीच फूट फिल्म जायला हवी. रेघ जागेवरच दिसली तर फिल्म ओढण्यात दोष. मग तीच कार्ट्रिज शेवटपर्यंत चालवून घड्याळ लावा: ५० फूट, ३ मिनिटं २० सेकंद. ३ मिनिटं ४० सेकंद लागले तर वेग साधारण १६.४ फ्रेम.

रीळगुंडा:
ती चाललेली कार्ट्रिज टाकू नका, कुणाचं तरी लग्न किंवा बारसं असेल त्यात. कोडाक्रोमच्या रंगीत प्रक्रियेसाठी फिल्म घेणं डिसेंबर २०१० अखेर कॅन्ससमधल्या ड्वेन्स फोटोने बंद केलं, ती शेवटची प्रयोगशाळा होती. आता कृष्णधवल डेव्हलप करून प्रतिमा निघू शकते. पाठवताना पाकिटावर ‘कोडाक्रोम’ ठळक लिहा, नाहीतर तिचा पाठीवरचा काळा रेमजेट (कार्बनचा) थर दुसऱ्यांचं रसायन खराब करतो.

पहिली नवी फिल्म म्हणून कोडॅकची व्हिजन३ २००टी घ्या; ही दिव्याच्या उजेडासाठीची रंगीत निगेटिव्ह, संवेदनशीलता २००. जुन्या कॅमेऱ्याने ती १६० समजून वाचली तरी फरक तिसरा हिस्सा स्टॉप, निगेटिव्हला काहीच नाही. ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म रिव्हर्सल आहे (थेट पॉझिटिव्ह निघते), मीटर चुकलं तर क्षमा नाही. २००टी उन्हात चालवताना आतला नारिंगी फिल्टर खरंच येतोय का तेही पाहा: लेन्स पांढऱ्या भिंतीकडे करून मागून गेटमधून बघा, स्विच सूर्याच्या खुणेवर नारिंगी आणि दिव्याच्या खुणेवर पांढरं दिसायला हवं. जिलेटिनचा फिल्टर असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी पडते. ती ठिपक्यांसारखी दिसते, धूळ समजून घासत बसू नका.

डोंगरवाट:
झाकणातली पट्टी मोजली, सतरा ओहम दाखवते.

सुटेभाग:
मग सापडलं. घासा आणि पुन्हा मोजा.